तुम्ही विचारलंत म्हणून: वीकेंडला आम्ही जातो तरी कुठे?

"तुम्ही तिकडे दर शनिवार-रविवार फिरत असाल ना, युरोप किती बघून झाला?" हा प्रश्न मावशीपासून ते इथे नव्याने शिकायला येणाऱ्या मुलांपर्यंत सगळे विचारतात, आणि फोनवर नीट उत्तर देता येत नाही म्हणून आज निवांत लिहिते.

आम्ही एरलांगेनला राहतो. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या उत्तरेकडचा जो फ्रांकेन नावाचा भाग आहे तिथलं, न्युर्नबर्गला लागून असलेलं, युनिव्हर्सिटीचं आणि सीमेन्सचं गाव. पॅरिस, स्वित्झर्लंड वगैरे मोठ्या सुट्टीत केलं, छानच आहे ते, पण वीकेंडला आम्ही घरापासून दोन तासांच्या आतल्या गावांनाच जातो, आणि त्याच त्या गावांना परत परत जातो. यावर लोक थोडे हिरमुसतात. मला मात्र मनापासून वाटतं की इथे राहण्याचं खरं सुख यातच आहे, कारण दोन दिवसांत तीन देश करणाऱ्याला फक्त चौक आणि चर्चचे बाहेरून काढलेले फोटो मिळतात, आत शिरायला वेळच उरत नाही.

आधी पैशांचं, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. बायर्न-तिकीट काढायचं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर अख्ख्या बव्हेरियात फिरता येतं, जितकी माणसं जास्त तितकं डोईवर स्वस्त. वीकडेला ते सकाळी 9 नंतर चालतं, शनिवार-रविवारी मात्र मध्यरात्रीपासूनच. फक्त एक, आयसीई-आयसी या फास्ट गाड्यांना चालत नाही, रीजनल गाड्यांनीच जायचं. आणि ज्यांच्याकडे डॉइचलांड-तिकीट, म्हणजे जर्मनीभर रीजनल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास आहे (मे 2023 मध्ये महिन्याला 49 युरोला सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं) त्यांना तर वेगळं काही काढायलाच नको. रीजनल गाडी थांबत थांबत जाते आणि मला ती आवडते, शेतं दिसतात, सायकली घेऊन चढणारे आजी-आजोबा दिसतात, आणि लेकीला पाय पसरून बसता येतं. बाकी रविवारी दुकानं बंद असतात म्हणून किराणा शनिवारी सकाळीच उरकायचा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या नाहीतर धपाटे घ्यायचे. झालं.

आता जायचं कुठे. माझं उत्तर कायम बांबेर्ग, आमच्याकडून गाडीने पाऊण तासाच्या आत. अख्खं जुनं शहर 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. नदीच्या मधोमध पुलावर उभं असलेलं जुनं टाउन हॉल सगळ्यांनी फोटोत बघितलेलं असतं. बिशप गावकऱ्यांना जागा देईना म्हणून त्यांनी नदीतच खांब ठोकून बेट केलं आणि त्यावर टाउन हॉल बांधलं अशी दंतकथा इथे सांगतात. लोक तिथे फोटो काढतात, धुरकट चवीची ती प्रसिद्ध राउखबिअर पितात आणि परततात. पण टेकडी चढून डोममध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये, जरूर जा. आत सम्राट हाइनरिश दुसरा आणि त्याची राणी कुनिगुंडे यांची दगडी समाधी आहे, टिलमन रीमेनश्नायडर या शिल्पकाराने 1499 ते 1513 या काळात घडवलेली. वर दोघं शेजारी शेजारी पहुडलेले, आणि बाजूंना त्यांच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत.

आई-बाबा तीन महिने आले होते तेव्हा आईला घेऊन गेले. तिला ना जर्मन येत, ना त्या राजाची काही माहिती. ती एका प्रसंगापाशी थांबली. राणी अनवाणी चालतेय, पायाखाली लोखंडाचे तुकडे आहेत, भोवती लोक बघतायत. मी सांगितलं की राणीच्या चारित्र्यावर संशय घेतला गेला म्हणून ती तापून लाल झालेल्या नांगराच्या फाळांवरून चालत गेली आणि तिला काही झालं नाही अशी कथा आहे. आई म्हणाली, "अगं, ही तर आपली सीता!" आणि मग जरा वेळाने म्हणाली, "आणि नांगरच बघ, सीताही जनकाला नांगरतानाच सापडली होती ना." आम्ही दोघी कितीतरी वेळ तिथेच उभ्या होतो. दुसऱ्या बाजूला संत बेनेडिक्ट झोपलेल्या राजाचा मुतखडा काढतोय असा प्रसंग आहे, तो बघून तिला बाबांचं ऑपरेशन आठवलं. हजार वर्षांपूर्वीचे राजा-राणी तिला एकदम शेजारपाजारचे वाटायला लागले. मला तो दिवस आयफेल टॉवरपेक्षा मोठा वाटतो, खरंच.

त्यानंतर आम्हाला या रीमेनश्नायडरचा नादच लागला आणि पुढचे कितीतरी वीकेंड त्याच्या मागोमाग गेले. रोथेनबुर्गला सगळेच जातात, आन्सबाख आणि श्टाइनाखला गाडी बदलून, तिथल्या रंगीत घरांसाठी आणि ख्रिसमसच्या दुकानांसाठी. तिथे सेंट याकोब चर्चमध्ये तिकीट काढून जिना चढून वर गेलात की त्याने लाकडात कोरलेलं येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन आहे, 1501 ते 1505 मधलं काम, वर रंग दिलेला नाही, साधं लिंडेनच्या झाडाचं लाकूड. मागच्या खिडक्यांतून उजेड येतो, तो सकाळी आणि दुपारी वेगवेगळा पडतो आणि माणसांचे चेहरे बदलतात. आणि मधोमध येशू नाहीये, यूदा आहे, त्याला दगा देणारा शिष्य, पैशांची पिशवी हातात घेऊन. माझ्या नवऱ्याला चर्च बघायचा कंटाळा, पण इथून तो लवकर निघेना.

रोथेनबुर्गमध्ये आणखी एक करा, तटावरून चाला. छप्पर असलेली वाट आहे वरून, फुकट. 31 मार्च 1945 ला बॉम्ब पडले तेव्हा गावाचा पूर्वेकडचा भाग आणि तटाचा मोठा तुकडा गेला, नंतर जगभरच्या लोकांच्या देणग्यांतून तो बांधला, ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं तटाच्या दगडांवर आहेत, जपानी नावं तर कितीतरी. लेक वाचत वाचत चालते.

आणि व्युर्त्सबुर्ग, जिथे रीमेनश्नायडर राहायचा, जिथे तो महापौर होता. 1525 च्या शेतकऱ्यांच्या बंडात शहराच्या कौन्सिलने (त्यात हाही होता) तिथे राज्य करणाऱ्या बिशपच्या बाजूने लढायला नकार दिला, बंड मोडल्यावर त्याला नदीपलीकडच्या मारिएनबेर्ग किल्ल्यात कोंडलं, छळ केला. सुटल्यानंतर त्याच्या हातून फारसं मोठं काम झालं नाही, 1531 मध्ये गेला. जुन्या पुलावर उभं राहून सगळे त्या किल्ल्याचा फोटो काढतात, वाइनचा ग्लास हातात असतो. मला तिथे उभं राहिलं की बांबेर्गची ती राणी आठवते आणि पोटात कालवतं. त्याच शहरात रेसिडेन्झ राजवाडा आहे, जिन्यावरच्या छतावर तिएपोलो या इटालियन चित्रकाराने 1752-53 मध्ये चार खंड रंगवलेत, आपल्या आशियाला हत्तीवर बसवलंय. 16 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळपास सगळं जळालं पण बाल्थाझार नॉयमन या आर्किटेक्टने बांधलेलं ते कमानदार छत टिकलं आणि चित्रही वाचलं.

बाबांचं वेगळं होतं. ते मध्य रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांना चर्चपेक्षा न्युर्नबर्गचं रेल्वे म्युझियम हवं होतं. जर्मनीतली पहिली वाफेची प्रवासी गाडी 7 डिसेंबर 1835 ला न्युर्नबर्ग ते फ्युर्थ धावली, जेमतेम सहा किलोमीटर, इंजिन स्टीफन्सनच्या इंग्लंडमधल्या कारखान्यातलं, ड्रायव्हरही इंग्रज. आपली बोरीबंदर-ठाणे 16 एप्रिल 1853 ची, म्हणजे अठराच वर्षं मागे, आणि पहिल्याच फेरीत 34 किलोमीटर! हे बाबांनी तिथल्या स्टाफला माझ्याकडून भाषांतर करवून सांगितलं. पुढच्या शनिवारी ते कोबुर्गला आले, तिथल्या चौकात राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचा, आल्बर्टचा पुतळा आहे, तो या गावचाच राजपुत्र, आणि 1865 मध्ये पुतळ्याचं अनावरण करायला राणी स्वतः आली होती. जन्मभर व्हीटीला ड्युटी केलेल्या माणसाने त्या पुतळ्यासमोर फोटो काढून घेतला आणि आधी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

न्युर्नबर्गला नाझींच्या सभांचं झेपेलिन मैदान आहे आणि जिथे नोव्हेंबर 1945 पासून त्यांच्यावर खटला चालला ते कोर्टरूम 600 सुद्धा. मुलं लहान असली तर थांबा, पण दहा-बाराची झाली की न्या. आणि घाई करू नका, दुसरं काही त्या दिवशी ठेवू नका, घरी परतताना प्रश्न येतात आणि त्यांना उत्तरं द्यायला गाडीत शांत वेळ लागतो.

तर नवीन आलेल्यांना माझं सांगणं एवढंच, पहिल्या शनिवारी बांबेर्ग. नऊच्या सुमाराला निघा, आधी डोम करा, गर्दी दुपारी वाढते, रविवारी गेलात तर सकाळी प्रार्थना असते, दुपारनंतरच आत जा. जेवायला केझश्पेत्सल मागा, चीजमधल्या शेवयांसारखं असतं, मांस नसतं (अंडं मात्र असतं) आणि पोट भरतं. एप्रिलमध्ये येणार असाल तर आधी कळवा, फोर्खहाइमच्या पलीकडे चेरीची झाडं फुलतात तेव्हा आम्ही तिकडेच असतो, तुम्हीही या.