तुम्ही विचारलंत म्हणून: घरी शिकवायला माणूस कसा शोधायचा

लिफ्टमध्ये, ऑफिसात डबा खाताना, परवा तर एका बारशाला पाळण्याशेजारी उभी असताना, मला हा प्रश्न आलाच, "तुमच्या मुलीला गणिताला कोण येतं हो, नंबर द्या ना." नंबर देऊन काही उपयोग नाही कारण आमच्या बाई नवीन मुलं घेत नाहीत, पण दोन-तीन ठिकाणी तेच तेच सांगून झालं म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

आम्ही डोंबिवलीत राहतो. मुलगी एसएससी बोर्डाच्या सेमी इंग्लिश शाळेत, आता नववीला. आम्ही दोघंही लोकलवाले, घरात पाय टाकेपर्यंत साडेआठ, तोवर पोर जेवून पेंगायला लागलेली असते. आणि खरं सांगायचं तर वेळ असता तरी मी शिकवू शकले असते असं नाही, मी मराठी माध्यमाची, कंचेभागुबेव पाठ करत वाढलेली, आणि तिच्या गणिताच्या पुस्तकात सगळं इंग्लिशमधून, मी लसावि म्हणायचे ती एलसीएम म्हणायची, मग माझा आवाज चढायचा, मग सासूबाई आतून म्हणायच्या "अगं जेवताना तरी नको." तर आई-बाबांनीच शिकवावं वगैरे जे लोक सांगतात ना, त्यांच्याकडे बहुतेक सात वाजता घरी येणारं कुणीतरी असतं.

सातवीत होती तेव्हा प्रगतिपुस्तकात गणिताला ब-1 होता. ब-1 म्हणजे 71 ते 80 टक्के, म्हणजे काळजी करावी असं काहीच नाही. पण हे मार्क लेखी, तोंडी, प्रकल्प, गृहपाठ असं सगळं मिळून असतात, त्यामुळे पोराला नक्की काय येत नाही ते त्या शेऱ्यातून कळत नाही. आम्हाला कळलं ते एकदा दुकानात "अर्धा किलो आणि पाव किलो मिळून किती" यावर तिने मोबाईल काढला तेव्हा.

मग शोधाशोध. विजेच्या खांबावर चिकटवलेले कागद तुम्हीही बघितलेत, "होम ट्यूशन, 1 ली ते 10 वी, सर्व विषय, सर्व बोर्ड", खाली नंबरच्या कापलेल्या पट्ट्या. सर्व विषय सर्व बोर्ड असं लिहिणाऱ्याला मी तरी फोन केला नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर पंधरा मिनिटांत सात नंबर, त्यातले चार जण ज्यांनी पाठवले त्यांचेच भाऊ-वहिनी. मग एक एजन्सी, त्यांचं असं असतं की ते शिक्षक पाठवतात, पहिल्या महिन्याची निम्मी फी त्यांची, पुढची शिक्षकाची. हे आधीच विचारून घ्या, कारण ज्या माणसाला पहिल्या महिन्यात निम्मेच पैसे मिळणार आहेत तो दुसऱ्या महिन्यापर्यंत टिकण्यासाठी आई-बाबांना खूश ठेवणारच, त्यात त्याचा दोष नाही.

आमच्याकडे आलेले सर इंजिनीअर झालेले, एमपीएससीचा अभ्यास करत होते, खर्चाला म्हणून संध्याकाळी शिकवण्या. अतिशय सज्जन मुलगा, वेळेवर यायचा, चहासुद्धा नको म्हणायचा. शाळेचा होमवर्क रोज पूर्ण व्हायला लागला, मी एकदम निवांत. मग कधीतरी रविवारी वही चाळली तर उजव्या-डाव्या दोन्ही पानांवर सुरेख तिरकं अक्षर, स्टेप बाय स्टेप, शेवटी उत्तराला चौकट. अक्षर सरांचं. हिचं अक्षर फक्त शाळेच्या वहीत, ह्या वहीतून उतरवलेलं. मुलगी म्हणाली, "आई, सर खूप छान सोडवतात." खरंच छान सोडवायचे. युनिट टेस्टचे मार्क जिथल्या तिथे.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगते, डिग्री नंतर बघा, किती वर्षं शिकवताय ते नंतर विचारा, आधी त्यांच्याकडे आत्ता शिकणाऱ्या एखाद्या मुलाची वही बघायला मागा आणि त्यात अक्षर कुणाचं आहे ते बघा. खाडाखोड असलेली, रबराने कागद पातळ झालेली वही असेल तर तो शिक्षक पकडा. ज्या पालकांचा रेफरन्स मिळाला असेल त्यांना "सर कसे आहेत" विचारू नका, सगळे "छान आहेत" म्हणतात, त्यांना वहीच्या एका पानाचा फोटो पाठवायला सांगा.

डेमोबद्दल, म्हणजे शिकवणी ठरवण्याआधी नमुना म्हणून घेतात त्या तासाबद्दल पण सगळे विचारतात. डेमोला बहुतेक शिक्षक पोराला नाही, समोर सोफ्यावर बसलेल्या आईला शिकवतात. एकाने मला पायथागोरस असा समजावला की माझ्या डोळ्यात पाणी यायचं बाकी राहिलं, मुलगी शेजारी पेनाचं टोपण चावत बसलेली. म्हणून मी नंतर आत जाऊन भाजी निवडायला घ्यायचे आणि धडा मुलीला निवडायला लावायचे, जो तिला सगळ्यात जड जातो तो. स्वयंपाकघरातून फक्त कान द्यायचा, कुणाचा आवाज जास्त येतोय. तासभर एकाच माणसाचा आवाज येत असेल तर तो क्लास आहे, शिकवणी नव्हे, आणि क्लासच हवा असेल तर तो स्टेशनजवळ निम्म्या पैशांत मिळतो.

शाळेतल्याच बाईंना लावा की, त्याच पेपर काढतात, असा सल्ला तर मला किती जणींनी दिला. एक तर ते कायद्यात बसत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 आहे, शाळेतल्या शिक्षकांनी खाजगी शिकवणी घ्यायची नाही असं सरळ लिहिलंय. आता किती जण घेतात हे तुम्हाला माहितीय मला माहितीय, त्यात पडत नाही. पण त्या शिकवणीला न जाणाऱ्या मुलांचं वर्गात काय होतं हा विचार करून मला ते पटलं नाही.

आणि ते फाउंडेशनवाले! आठवीत गेली तशी एका मोठ्या क्लासमधून फोन सुरू झाले, आत्ता जेईई-नीटचा पाया घातला नाही तर अकरावीत उशीर होतो, आजच सीट बुक केली तर डिस्काउंट, हप्ते करून देतो, बाबांनाही घेऊन या. आम्ही गेलो, एसी केबिन, मुलीची एक परीक्षा, परीक्षेत ती "हाय पोटेन्शियल" निघाली. (तिथे कुणी लो पोटेन्शियल निघतं का ते मला बघायचंय.) केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात 16 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा असं आहे, रँकची नाहीतर मार्कांची हमी देऊ नये असं आहे, आणि सगळी फी भरून मधेच सोडलं तर उरलेल्या काळाचे पैसे 10 दिवसांत परत करावेत असंही आहे. पण त्या सूचना आहेत, अंमल राज्यांच्या हातात, त्यामुळे केबिनमध्ये हे विचारलं की समोरचा माणूस नुसता हसतो. विचारा मात्र नक्की, निदान पावती नीट मिळते. शिवाय ह्या सूचना 50 पेक्षा जास्त मुलं असलेल्या सेंटरसाठी आहेत, घरी येऊन शिकवणाऱ्याला त्यातलं काहीच लागू नाही, तिथे जे काय ठरवायचं ते तुम्ही आणि तो.

आता बाई. मिळाल्या त्या कुठल्या अ‍ॅपवरून नाही, सासूबाईंच्या भजनी मंडळातून. एका मराठी शाळेतून रिटायर झालेल्या, गणित-विज्ञानाच्या. त्या घरी येत नाहीत, मुलांनी त्यांच्याकडे जायचं, चार-पाच मुलं एका वेळी, पण प्रत्येकाचं वेगळं चाललेलं. पहिल्या दिवशी मला बसू दिलं, पुढे कधी नाही.

बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. कागदावर लिहिलं, दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. माझी मुलगी, आठवीतली, हाय पोटेन्शियल, तिने वरचे वरचे मिळवले खालचे खालचे मिळवले आणि लिहिलं थ्री बाय सेव्हन. माझ्या घशातून आवाज निघणार तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. मग हिला म्हणाल्या, टू थर्ड हे हाफपेक्षा जास्त की कमी? जास्त. बरं, आणि तुझं उत्तर, थ्री बाय सेव्हन, ते हाफपेक्षा जास्त की कमी? हिने बोटांवर मोजलं, सातचं निम्मं साडेतीन, तीन त्याहून कमी, म्हणजे... कमी. बाई म्हणाल्या, म्हणजे तुझ्याकडे अर्ध्याहून जास्त होतं, त्यात मी आणखी थोडं घातलं आणि ते अर्ध्याहून कमी झालं? असं म्हणून त्या उठल्या आणि दुसऱ्या मुलाकडे गेल्या. उत्तर सांगितलं नाही, चूक आहे असंही म्हणाल्या नाहीत. ही त्या कागदाकडे बघत बसलेली, पंखा गरगरतोय, माझा जीव वरखाली. बऱ्याच वेळाने हिने दोन पट्ट्या काढल्या, बारा बारा घरांच्या, आठ घरं रंगवली, तीन रंगवली, आणि लिहिलं इलेव्हन बाय ट्वेल्व्ह. एलसीएम तिला पाचवीपासून काढता येत होता हो, तो इथे कशाला लागतो ते कुणी तिला विचारलं नव्हतं.

बाई तीन महिने पाचवी-सहावीचंच घेत राहिल्या. अपूर्णांक, ऋण संख्या, शेकडेवारी. शाळेत आठवीच्या बीजगणितातलं अवयव पाडणं चालू आणि इथे पाचवीचं गणित, त्या तीन महिन्यांत सहामाहीचे मार्क आणखी खाली आले, हिचे बाबा म्हणाले बंद कर, मीही डगमगलेच. हे सांगते कारण चांगला शिक्षक लावला की मार्क लगेच वाढतात असं तुम्हाला कुणीतरी सांगणार, आणि लगेच वाढले तर उलट जरा वही उघडून बघा. वार्षिकला गाडी रुळावर आली. आता नववीत बीजगणित आणि भूमिती वेगळे पेपर, 40-40 चे, आणि 20 अंतर्गत, दहावीला हेच, तर बीजगणितात ती बरी आहे, भूमितीत सिद्धता लिहायची म्हटलं की अजून तोंड वाकडं.

पैशांचं. आमच्या भागात घरी येऊन तासाला 300 पासून 800 पर्यंत काहीही ऐकलं, दहावीला आणखी वर. बाई महिन्यावर घेतात आणि कमी घेतात. तासावर ठरवा किंवा महिन्यावर, पण गणपती, दिवाळी, शिक्षकाच्या घरचं लग्न, पोराचा ताप, ह्या सुट्ट्यांचं काय ते पहिल्याच दिवशी बोला, भांडणं सगळी तिथे होतात. अख्ख्या वर्षाचे एकदम देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

घरी येणारा असेल तर टेबल हॉलमध्ये, दार उघडं, घरात मोठं माणूस. आमच्याकडे सासूबाई वाटाणे सोलत समोर बसायच्या. यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही, चांगला शिक्षक स्वतःच तसं सांगतो, त्या एमपीएससीवाल्या सरांनीच पहिल्या दिवशी आजींना इथेच बसू द्या म्हणून सांगितलं होतं. ऑनलाइन असेल तरी तेच, बेडरूममध्ये हेडफोन लावून नाही.

आणि बंद कधी करायची हेही लावतानाच ठरवा, हे मला बाईंनी शिकवलं. गेल्या महिन्यात त्यांनी बोलावून सांगितलं की आता आठवड्यातून एकदाच पाठवा, अडलं तेवढंच घेऊन येऊ दे, रोज आली तर माझ्याशिवाय पेन उचलणार नाही. स्वतःची फी स्वतः कमी करणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

अशा बाई कुठे मिळतात? अ‍ॅपवर नाहीत, त्यांच्यातल्या निम्म्यांना ते वापरताच येत नाही. तुमच्या भागातली जुनी मराठी शाळा शोधा, ज्यांचे वर्ग आता रिकामे पडलेत त्यातली कुठलीही. गेल्या पाच-सात वर्षांत रिटायर झालेल्या गणिताच्या शिक्षकांची नावं विचारा. ऑफिसात क्लार्क म्हणेल असं सांगता येत नाही. मग बाहेर येऊन शिपाईकाकांना विचारा, त्यांना नाव, पत्ता, कोण मारकं होतं आणि कुणाची मुलं रडत नव्हती, सगळं पाठ असतं.