मसुद्याच्या पाठीवरचा शेरा

बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना फिलाडेल्फियाचा इंडिपेंडन्स हॉल दाखवायला नेलं. १७८७ साली २५ मे ते १७ सप्टेंबर, ऐन उकाड्यात खिडक्या-दारं लावून, अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली ती याच खोलीत. हिरव्या कापडाची टेबलं, त्यांवर पिसांच्या लेखण्या. समोर जॉर्ज वॉशिंग्टन यांची खुर्ची, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला.

बाबा रमले ते शेजारच्या दालनातल्या चांदीच्या दौतीपाशी. घटनेवर सह्या झाल्या त्या याच दौतीतल्या शाईने. गाइडने सांगितलं, अधिवेशनाला ५५ जण आले, सह्या ३९. बाबांनी लगेच मला विचारलं, "बाकीच्यांचं काय?"

काही जण आधीच घरी परतले होते. पण शेवटपर्यंत थांबून सही नाकारणारे तिघे होते: एडमंड रँडॉल्फ, एल्ब्रिज गेरी आणि व्हर्जिनियाचा जॉर्ज मेसन. या कागदावर सही करण्यापेक्षा उजवा हात तोडून टाकीन, असं मेसन भर सभेत म्हणाला होता. अधिवेशनातलाच एक प्रतिनिधी जेम्स मॅडिसन, त्याच्या टिपणांत ते नोंदलेलं आहे.

मेसनची तक्रार होती की सरकारला काय करता येईल ते सगळं लिहिलंय, पण नागरिकाच्या बाबतीत काय करता येणार नाही, ते कुठे आहे? १२ सप्टेंबरला त्याने हक्कांची सनद जोडायचा आग्रह धरला, गेरीने तशी सूचना मांडली आणि मेसनने तिला अनुमोदन दिलं. एकाही राज्याने तिच्या बाजूने मत दिलं नाही. मग त्याने घटनेच्या छापील मसुद्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपले आक्षेप लिहून काढले. पहिलंच वाक्य: यात हक्कांची सनद नाही.

"म्हणजे शेरा मारला," बाबा म्हणाले.

समोरची बाजूही पोकळ नव्हती. घटनेचा पाठीराखा अलेक्झांडर हॅमिल्टन याचं म्हणणं, वर्तमानपत्रांवर बंधन घालायचा अधिकार सरकारला दिलेलाच नाही, तर घालू नका असं लिहायचं कशाला? मॅडिसनलाही कागदी कुंपणाचा फारसा भरवसा नव्हता. पण पॅरिसहून, तिथे अमेरिकेचा राजदूत असलेल्या जेफरसनची पत्रं आली, राज्याराज्यांतून सनदेची मागणी वाढली, आणि ८ जून १७८९ ला खुद्द मॅडिसननेच काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, दुरुस्त्या मांडल्या. काँग्रेसने राज्यांच्या मंजुरीसाठी बारा पाठवल्या, त्यातल्या दहा १५ डिसेंबर १७९१ ला मंजूर झाल्या.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी या दुरुस्त्या पाठ केल्या होत्या. नीट वाचल्या त्या बाबांना मराठीत सांगताना. पहिली दुरुस्ती 'तुम्हाला बोलायचा हक्क देत आहोत' असं म्हणत नाही. बोलण्यावर गदा आणणारा कायदा काँग्रेसने करायचा नाही, असं ती बजावते. हक्क माणसाचा आहेच, हात बांधायचे ते सरकारचे. आपल्या घटनेतलं १३ वं कलमही मूलभूत हक्क हिरावणारा कायदा करायला राज्यसंस्थेला मनाई करतं, तेव्हा मला तोच सूर ऐकू येतो.

चौथ्या दुरुस्तीशी बाबा बराच वेळ थांबले. स्वातंत्र्याआधी अमेरिकेत इंग्रजांचे जकात अधिकारी कुणाचं नाव-गाव नसलेला हुकूम दाखवून कुठल्याही घरात शिरत. म्हणून वॉरंटमध्ये झडती कुठली आणि जप्ती कशाची, ते लिहिलंच पाहिजे, असं इथे ठरलं. आयुष्यभर जप्तीचे कागद हाताळलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट मला सलते आणि ती बाबांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. माणसं जन्मतः स्वतंत्र असतात असं १७७६ सालीच व्हर्जिनियासाठी लिहिणाऱ्या मेसनच्या मळ्यावर गुलाम राबत होते. गुलामांचा व्यापार अधिवेशनात त्याने धिक्कारला, पण स्वतःची माणसं मोकळी केली नाहीत. गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती यायला १८६५ उजाडलं. त्या लढ्यासाठीच जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तिथून, पुण्यातून, ते हे सगळं पाहत होते.

माझ्या परीक्षेच्या १०० प्रश्नांत मॅडिसन होता, हॅमिल्टन होता, मेसन नव्हता. त्या प्रश्नांची कार्डं अजून आमच्या फ्रिजवर लावलेली आहेत. परतायच्या आदल्या रात्री बाबांनी एक कोरं कार्ड मागून घेतलं आणि कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'जॉर्ज मेसन, व्हर्जिनिया. सही केली नाही.' खाली तारीख घातली, १७ सप्टेंबर १७८७, आणि ते बाकीच्यांच्या वर लावलं.