चाळीस पट निशाण

आज दिवसभर जोन ऑफ आर्कच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध फ्रेंच सैन्यासोबत लढलेल्या मुलीच्या, पाखंडाच्या खटल्याचे जबाब वाचले. १४३१, फ्रान्समधलं रूआँ. समोर पोरगी जेमतेम १९ वर्षांची, आणि प्रश्न विचारणारे मुरलेले धर्मपंडित.

२४ फेब्रुवारीचा प्रश्न बघा: तुझ्यावर देवाची कृपा आहे का? ‘हो’ म्हटलं तर पाखंड, कारण ते कुणालाच खात्रीने ठाऊक नसतं अशी चर्चची शिकवण. ‘नाही’ म्हटलं तर गुन्ह्याची कबुलीच. तिचं उत्तर: नसेल तर देव ती देवो, असेल तर टिकवो. विचारणारे थक्क झाले!

तलवारीपेक्षा निशाण चाळीस पट प्रिय, असंही तिने सांगितलं. हल्ल्यात ते स्वतः धरायचं, म्हणजे कुणाला मारावं लागत नाही. ७ मे १४२९ ला इंग्रजांनी वेढलेल्या ऑर्लेआँजवळच्या तूरेल या गढीवर चढताना मान आणि खांद्याच्या मधोमध बाण घुसला. जखमेवर ऑलिव्ह तेल आणि डुकराची चरबी लावली, आणि ती परत खंदकाशी. दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी वेढा उठवला.

पॅरिसवरच्या हल्ल्यात मात्र, त्याच वर्षी सप्टेंबरात, खंदकातलं पाणी खोल निघालं. भाल्याने ठाव घेत असतानाच मांडीत बाण लागला.

३० मे १४३१ ला तिला जाळलं. तो निकाल रद्द व्हायला १४५६ उजाडलं. फार उशीर झाला हो.