खाडीखालून गॅसची पाइपलाइन: फाइल अडली साडेबारा मिलिमीटरवर

पाइप खाडीच्या तळाखालून जाणार, वर तिवराची फांदीही तुटणार नाही, मग खारफुटीची परवानगी कशाला? नवी मुंबईच्या ऐरोली-घणसोली पट्ट्यातल्या कामाची फाइल हातात आली तेव्हा माझाही हाच समज होता. सागरी मंडळाचा ना-हरकत दाखला आणि पालिकेची खोदाईची परवानगी यांत काही अडलं नाही.

अडलं नकाशावर. सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) अर्जाला केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेचा, भरतीरेषा दाखवणारा १:४००० चा नकाशा लागतो. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर ४ मीटर. खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा बफर, म्हणजे मोकळा राखायचा पट्टा, भरतो जेमतेम साडेबारा मिलिमीटर. जाड पेनाची एक रेघ त्यातले चार मीटर खाते! पाइपसाठी तळाखालून आडवं बोअर जिथून मारायचं, तो आमचा ड्रिलिंगचा खड्डा एका नकाशात बफरच्या बाहेर, दुसऱ्यात सहा मीटर आत. हे कार्यालय त्यांचा नकाशा मागतं, ते कार्यालय यांचा अभिप्राय. आत धरलं तर मामला थेट उच्च न्यायालयात, कारण २०१८ च्या निकालाने या बफरमध्ये बांधकामाला बंदी आहे, जमीन कोणाचीही असो. सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी काढावी लागते.

कोंडी फुटली संयुक्त पाहणीने. ती ओहोटीलाच ठेवा. तिवराची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं बुंध्यापासून बरीच लांब चिखलातून वर आलेली असतात. भरतीत ती दिसत नाहीत आणि कडेचा वाद पुन्हा उभा राहतो. जीपीएसचे बिंदू घेऊन पंचनाम्यावर चिखलातच सह्या घ्या, ‘ऑफिसात करू’ ऐकू नका. आम्ही खड्डा पंधरा मीटर मागे घेतला. बोअर लांबलं, पण कोर्ट टळलं.

पलीकडच्या काठाचा विचार सहसा कोणी करत नाही. ६०० मीटरचा पाइप एका दमात ओढायचा तर तो आधी वेल्ड करून तेवढ्याच लांबीच्या पट्ट्यात मांडावा लागतो. ही तात्पुरती जागाही पहिल्याच अर्जात दाखवा. बेंटोनाइटचंही (ड्रिलिंगमध्ये पाण्यात कालवून वापरायची चिकणमाती) लिहून द्या: बारा इंची पाइपला बोअर साधारण अठरा इंची, त्यामुळे गाळ भरपूर निघतो, आणि मऊ चिखलात तो भलतीकडूनच वर येऊ शकतो. टँकर किती, गाळ टाकणार कुठे, हे विचारतातच.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: पाइपची रेषा ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत शिरते का, ते सगळ्यात आधी तपासा. शिरली तर वन्यजीव मंडळाचा टप्पा वेगळा. जमिनीखालून पाइप नेण्याच्या वापर हक्कासाठी १९६२ च्या पाइपलाइन कायद्याची अधिसूचना लागणार असेल तर हरकतींचे २१ दिवस नकाशाच्या कामासोबतच जाऊ द्या.

आणि पंचनाम्याच्या प्रती प्रत्येक अर्जाला जोडा, मूळ मात्र कोणालाही देऊ नका.