नवरीचे दात आणि पाण्याची बाटली

"बारा दिवसांवर लगन आहे मॅडम, पोरीचे दात पांढरे करून द्या." आई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलली. पोरगी तोंडावर ओढणी धरून मागे उभी.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला दवाखाना टाकला की ओढणीवरूनच अर्धं निदान होतं. वरच्या चार दातांवर तपकिरी पट्टे, बाकीच्यांवर खडूसारख्या रेघा. फ्लोरोसिस, म्हणजे लहानपणी पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने दातांवर पडलेले डाग. बोअरचं पाणी. शहरातल्या एकाने तिला सहा कॅपा सांगितल्या होत्या. बावीस वर्षांची मुलगी, एकही कीड नाही, आणि सहा दात कापून त्यांचे खुंट करायचे! मी समव्यावसायिकांबद्दल पेशंटसमोर बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

मग आईचे प्रश्न. सफाई केली की दात ढिले होतात म्हणे? (मुळात हललेला दात कीटणाने धरून ठेवलेला असतो, आणि कीटण काढलं की खापर आमच्यावर.) ब्लीचिंगने दात झिजतात का? कोळशाची पेस्ट चालेल का? मुलीने दोन महिने लिंबू आणि खायचा सोडा घासून झाला होता. मोबाईलवर कुणीतरी शिकवलेलं. डाग आतला आणि ही वरून आम्ल चोळतेय. तिला थंड पाणी झोंबायला लागलं होतं ते त्यामुळे. म्हणून ब्लीचिंग जपूनच करायचं ठरवलं.

आधी शेड घेतली, म्हणजे दातांच्या रंगाची छटा नमुन्याशी जुळवून नोंदवली. शेड घ्यायची ती सुरुवातीलाच, दात ओले असताना, खिडकीच्या उजेडात, लिपस्टिक पुसून. दात वाळला की तो एक-दोन शेड उजळ दिसतो आणि डॉक्टरही फसतो. मग रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावून हिरड्या झाकल्या आणि मायक्रोअॅब्रेजन: हायड्रोक्लोरिक अॅसिड आणि बारीक खरखरीत पूड यांची पेस्ट, रबरी कपाने एकेका दातावर काही सेकंद, धुवायचं, बघायचं, परत. इनॅमलचा मिलिमीटरच्या दशांशाएवढा थर जातो. इथे हात थांबवता आला पाहिजे. तिसऱ्या फेरीनंतर तपकिरी पट्टा फिकट होऊ लागला तेव्हा मला स्वतःलाच 'वा' म्हणावंसं वाटलं.

डॅम काढला, आरसा दिला. आई हरखली. मी लगेच सांगितलं, हा पांढरेपणा वाळल्याचा आहे, लाळ लागली की थोडा उतरेल. हे सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. मापं घेऊन दातांवर बसणारे ट्रे केले, त्यात रात्री ब्लीचिंगचं औषध, दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, झोंबलं तर एक रात्र सोडायची. चहा कमी, भाजीत हळद कमी. "आन् हळदीच्या दिवशी?" "हळद लावू द्या, खाऊ नका." पोरगी पहिल्यांदा हसली, ओढणी न धरता.

लग्नाच्या दोन दिवस आधी दाखवायला आली. तपकिरी गेलं होतं, पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या. त्या राहणार हे मी सांगितलं होतं. आई बाहेर पैसे देत असताना तिने हळूच विचारलं, "मॅडम, माह्या पोरायचे बी असेच होतीन का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, हे रक्तातून येत नाही, पाण्यातून येतं. पुढचे कायमचे दात पहिल्या चार-पाच वर्षांत हिरडीच्या आत घडतात, तेव्हाच काय ते बिघडतं. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असलं तर पिऊ नये.

"सासरी पाणी कशाचं?"

"बोअरचं."

मी तिला प्लास्टिकची स्वच्छ बाटली दिली. या तपासणीला काचेची चालत नाही. म्हटलं, भरून आण, तपासायला मी पाठवते. ती बाटलीकडे बघत राहिली. नवी सून सासरचं पाणी बाटलीत भरून माहेरी नेतेय, तिथे काय बोलतील ते तिला माझ्याआधी कळलं होतं. तरी तिने ती पर्समध्ये घातली.

लग्न मार्चात झालं. ऑगस्टात आई स्वतःची दाढ काढायला आली, पोरीला दिवस गेलेत म्हणाली. बाटलीचं विचारलं तर तिला काही माहीतच नव्हतं. जाताना तिच्या हातात मी दुसरी बाटली दिली.