मॉनिटर दुरुस्तीची वही: पिवळा, दोन सेकंदवाला आणि रेघवाला

मागच्या नोंदीनंतर टेबलाखालचा ढीग बराच उतरलाय. काही मॉनिटर चालू होऊन घरी परतले, एक कायमचा बाद झाला आणि एका २२ इंचीचं घोंगडं अजून भिजत पडलंय. सगळे एलसीडी, बहुतेक २००६ ते २०११ च्या दरम्यानचे. म्हणजे पडद्यामागून उजेड देणारा बॅकलाइट एलईडींचा नाही, बारीक सीसीएफएल ट्यूबांचा (छोट्या ट्यूबलाइटच म्हणा). कंपन्यांची नावं घेत नाही, या वयात सगळ्यांची दुखणी सारखीच.

यावेळी एक शिस्त पाळली. मॉनिटर हातात आला की आधी त्याच्या स्वतःच्या मेनूचं बटण दाबायचं. हा मेनू संगणकाकडून येत नाही, मॉनिटरच्या आतल्या स्केलर बोर्डावर (आलेलं चित्र पॅनेलच्या मापात बसवणारा बोर्ड) तयार होतो. चित्र बिघडलेलं पण मेनू स्वच्छ दिसतोय, तर पॅनेल आणि बॅकलाइटवर संशय घेऊ नका. दोष केबलमध्ये, ग्राफिक्स कार्डात, सेटिंगमध्ये, फार तर मॉनिटरच्या इनपुट सॉकेटपाशी असतो. मेनूवरूनही तीच रेघ गेली असेल तर मात्र केबली बदलत बसू नका, झाकण उघडावंच लागणार. संगणकाच्या बाजूने हेच काम स्क्रीनशॉट करतो. तो मोबाइलवर पाठवून बघा. त्यातच ठिपके-चौकोन दिसले तर बिचारा मॉनिटर निर्दोष आहे, कार्ड किंवा ड्रायव्हर धरा.

पुण्याच्या जुन्या बाजारात खरेदीलाही हीच युक्ती चालते. तिथे संगणक कुठून आणणार? पण विक्रेत्याने कुठून तरी वीज दिली की केबल न लावता मॉनिटर सुरू करायचा. ‘नो सिग्नल’ची पाटी येते, तीसुद्धा स्केलरच काढतो. ती स्थिर आणि सरळ दिसली, पाच मिनिटं टिकली, तर पॅनेल आणि बॅकलाइट बऱ्यापैकी शाबूत. ‘चालू आहे साहेब, फक्त केबल नाही’ हे वाक्य मग पारखून घेता येतं.

पिवळा. पांढरं पान हळदीत बुडवल्यासारखं दिसत होतं, मेनूतला निळा मात्र चक्क निळा. म्हणजे बाहेरचाच मामला. व्हीजीएत, म्हणजे जुन्या १५ पिनांच्या केबलीत, तीन रंग तीन वेगळ्या पिनांवरून येतात: १ लाल, २ हिरवा, ३ निळा. निळा गेला की पांढऱ्याचा पिवळा होतो, हिरवा गेला की जांभळट गुलाबी, लाल गेला की आकाशी. केबलची ३ नंबरची पिन आडवी झोपली होती, १२ नंबरची तुटून गेलेली. त्या १२ मुळे दुसऱ्या तक्रारीचाही उलगडा झाला: ‘१०२४ बाय ७६८ च्या वर जातच नाही.’ मॉनिटर आपली माहिती १२ आणि १५ या पिनांवरून संगणकाला कळवतो. ती वाट बंद झाली की संगणक अंदाजाने काहीतरी सुरक्षित आकार देतो. केबल बदलली, दोन्ही तक्रारी गेल्या. जाता जाता, ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते. ती नाही म्हणून केबल फेकू नका.

याच मॉनिटरवर अक्षरं जरा फुटकी दिसत होती, उभ्या धूसर पट्ट्याही होत्या. व्हीजीए अॅनालॉग असल्याने एका ओळीत किती ठिपके आणि प्रत्येक ठिपका नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, हे मॉनिटरला स्वतः ठरवावं लागतं. मेनूत त्यालाच क्लॉक आणि फेज म्हणतात. क्लॉक चुकला की रुंद उभे पट्टे येतात, फेज चुकली की अक्षरांच्या कडा थरथरतात. ऑटो बटण हे जुळवतं, पण लोक ते काळ्या वॉलपेपरवर दाबतात आणि मग बटणाला नावं ठेवतात. मॉनिटर चित्राच्या कडा शोधतो, काळ्यावर त्याला कडा सापडणार कशा? पडदाभर पांढरं पान उघडा, किंवा एक ठिपका काळा एक पांढरा अशी बारीक जाळी, आणि मग ऑटो दाबा. १३६६ बाय ७६८ च्या पॅनेलचं आणखी एक लफडं आहे. १३६६ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून जुनी कार्डं १३६० च देतात आणि चित्र किंचित ताणलं जातं. तिथे कितीही ऑटो दाबा, उपयोग नाही. मॉनिटरला डीव्हीआय किंवा एचडीएमआय ही डिजिटल जोडणी असेल तर ती वापरून मोकळं व्हा.

आता दोन सेकंदवाले, ज्यांच्यात माझा खरा जीव अडकलाय. चालू केलं की चित्र उमटतं, दोनेक सेकंदांत अंधार. पॉवरचा दिवा मात्र जळत राहतो. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारला की आत आयकॉन पुसट दिसतात. म्हणजे चित्र आहे, उजेड नाही. सीसीएफएल ट्यूबांना कित्येकशे व्होल्ट लागतात, ते इन्व्हर्टर तयार करतो आणि प्रत्येक ट्यूबेतून जाणाऱ्या करंटवर लक्ष ठेवतो. एका ट्यूबेचा करंट जरी गडबडला तरी तो सगळ्याच विझवतो. हे संरक्षण आहे, पण लोक म्हणतात मॉनिटर गेला.

माझ्याकडे असे दोन होते, दोन्ही १९ इंची वाइड. पहिल्यात झाकण काढताच उत्तर दिसलं: हीटसिंकला खेटून बसलेले १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे कॅपॅसिटर डोकी फुगवून बसलेले. त्यांच्यातला अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो आणि ट्यूबांचा भार पडताच इन्व्हर्टरचा पुरवठा खाली बसतो. नुसत्या मल्टीमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर विसंबू नका, तो मूल्य ठीक दाखवतो आणि ईएसआर मात्र कितीतरी वाढलेला असतो. बुधवार पेठेतून पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून १०५ अंशांचे, लो ईएसआर असे मागून आणले. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त चालतं, पण उंची बघून घ्या, नाहीतर झाकण बसत नाही. बदलले, पेटला.

दुसऱ्यात कॅपॅसिटर धडधाकट. चार ट्यूबा, दोन वर दोन खाली. खात्रीची एक ट्यूब आळीपाळीने एकेका कनेक्टरला लावून पाहिली आणि खालच्या जोडीतली एक पकडली गेली, तिचं टोक काळं पडलेलं. इथे काही जण इन्व्हर्टरची फीडबॅक वाट तोडून संरक्षणच बंद करतात. मला ते पटत नाही. मेलेल्या ट्यूबेच्या बाजूचं व्होल्टेज मोकळं राहतं, ठिणगी उडते आणि ट्रान्सफॉर्मर भाजतो.

नव्यांसाठी काही गोष्टी. पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कॅपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ रेंगाळतात. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची मर्दुमकी नको, रोधातून उतरवा आणि मीटरने तपासा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्बवरूनच करा, म्हणजे वीज आधी एका बल्बमधून जाऊन मॉनिटरला मिळेल अशी. ट्यूबांत पारा असतो, जाडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, तेव्हा पॅनेल सोलताना घाई नको.

रेघवाला बाद झाला. एक उभी हिरवी रेघ, मेनूवरूनही जाणारी. वरची पट्टी दाबली की गायब, सोडली की हजर. पॅनेलच्या काचेला चिकटवलेली, ठिपक्यांना सिग्नल देणाऱ्या ड्रायव्हर चिपची रिबन सुटत आली की असं होतं. ती चिकटवायला उष्णता आणि दाब देणारं बाँडिंग मशीन लागतं, घरी होत नाही. पट्टीखाली रबराचे तुकडे कोंबून विकणारे आहेत, महिनाभर चालतंही. मी त्याच्या ट्यूबा काढून वरच्या दुसऱ्या दोन सेकंदवाल्याला बसवल्या. लांबी जुळली, नशीब.

एचडीएमआयवाला एक आला होता, ‘रंग उडालेत’ म्हणून. काळा राखाडी दिसत होता. कार्ड त्याला टीव्ही समजून उजेडाची ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ चीच रेंज पाठवत होतं. ड्रायव्हरमध्ये आउटपुट रेंज फुल केली, मालक चहा संपवायच्या आत काम झालं.

उरलाय तो २२ इंची. चालतो, पण सुरुवातीला गुलाबी आणि नंतरही मंद. ट्यूबा म्हाताऱ्या झाल्यात. त्याला एलईडी पट्ट्यांचं किट बसवतोय. पट्ट्या कापून बसवून पाहिल्या, ड्रायव्हर बोर्डाच्या चार वायरींपैकी पुरवठा, ग्राउंड आणि इनेबल (चालू-बंद करणारी) सापडल्या. उजेड कमी-जास्त करणारी डिमची वायर उलटी निघाली: मेनूत ब्राइटनेस वाढवला की तिच्यावरचं व्होल्टेज कमी होतं आणि एलईडी मंदावतात. सध्या डिमला कायम पूर्ण व्होल्टेज देऊन ठेवलंय, त्यामुळे रात्री डोळे दिपतात. मध्ये एक एनपीएन ट्रान्झिस्टर टाकून सिग्नल उलटा करायचा विचार आहे. कुणी केलं असेल तर बेसचा रोध किती घेतला ते सांगा.