शेवटच्या पायरीवरचा प्रेक्षक

कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात दशावताराचा हंगाम सुरू होतो आणि अलीकडे त्याच्याबरोबर थेट प्रक्षेपणाचाही. मुंबईतले चाकरमानी, आखातात नोकरीला असलेले तरुण आणि गावातच असूनही वयामुळे देवळापर्यंत येऊ न शकणारी माणसे, या सगळ्यांना आपल्या जत्रेतले नाटक घरबसल्या पाहायचे असते. मी कुडाळात राहून या प्रक्षेपणाचे तांत्रिक काम पाहते. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात जत्रेच्या रात्री जे घडले, त्यानंतर प्रेक्षकाच्या इंटरनेटच्या वेगाकडे पाहण्याची माझी पद्धत कायमची बदलली.

दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते हे ठरलेले असते, पण संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात आणि समोरच्या नटाने टाकलेला शब्द झेलून पुढे नेतात. देव आणि दैत्य यांच्यातली ती शाब्दिक जुगलबंदी ऐकण्यासाठीच जाणकार प्रेक्षक रात्र जागवतो. एखादे वाक्य निसटले तर ते पुन्हा कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून या नाटकाच्या प्रक्षेपणात चित्राआधी आवाजाचा विचार झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

त्या वर्षी प्रक्षेपणाचे मुख्य कंत्राट बाहेरच्या एका संस्थेकडे होते आणि गावातली जोडणी, कॅमेरे व ध्वनी माझ्याकडे होते. देवळापर्यंत फायबर आलेली असल्यामुळे येथून एकच उत्तम चित्र वर पाठवायचे आणि संस्थेच्या सर्व्हरवर त्याच्या वेगवेगळ्या दर्जाच्या आवृत्त्या तयार करायच्या, अशी रचना होती. त्यांनी तीन पायऱ्या ठेवल्या होत्या : १०८० रेषांचे चित्र ५,००० किलोबिट प्रतिसेकंद वेगाने, ७२० रेषांचे २,८०० ने आणि ४८० रेषांचे १,२०० ने. याखाली एखादी पायरी असावी, असे मी आदल्या आठवड्यात सुचवले होते. परंतु धूसर चित्र दाखवून नाव खराब करायचे नाही, असे उत्तर मिळाले. समितीच्या सचिवांनीही दुपारी देवळाच्या अंगणात उभे राहून मोबाइलवर वेग मोजून दाखवला. तो १८ मेगाबिटच्या आसपास होता आणि त्यामुळे सर्वांचे समाधान झाले.

हा आकडा खोटा नव्हता, पण तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी घेतलेला होता. वेगाची चाचणी काही सेकंद, बहुधा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून, नेटवर्कमधून जेवढे खेचता येईल तेवढे खेचते. नाटक पाहणाऱ्याला मात्र तासन्‌तास न तुटणारा प्रवाह लागतो. शिवाय मोबाइल टॉवरची क्षमता त्याच्या परिसरातल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. दुपारी रिकाम्या असलेल्या त्या अंगणात रात्री पंचक्रोशीतली माणसे जमणार होती आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हातात फोन असणार होता.

ही पद्धत कशी चालते ते थोडे सांगणे आवश्यक आहे. २००९ मध्ये ॲपलने आणलेली एचएलएस आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली डॅश, या दोन्ही पद्धतींमध्ये चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत उपलब्ध ठेवला जातो. कोणता तुकडा मागवायचा हे सर्व्हर ठरवत नाही. प्रेक्षकाच्या फोनमधला प्लेअर ठरवतो. मागचा तुकडा उतरायला किती वेळ लागला आणि बफरमध्ये, म्हणजे फोनने आधीच उतरवून ठेवलेल्या भागात, किती सेकंदांचा साठा शिल्लक आहे, यांवरून तो पुढच्या तुकड्याचा दर्जा निवडतो. वेग घटला की तो खालच्या पायरीवर येतो आणि वेग टिकून राहिला की हळूहळू वर चढतो. मात्र हे सारे शहाणपण उपलब्ध पायऱ्यांपुरतेच असते. सर्वांत खालची पायरीच जोडणीपेक्षा जड असेल, तर प्लेअर कितीही चांगला असला तरी त्याला थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

रात्री पालखीची प्रदक्षिणा झाली, गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, संकासुराचा प्रवेश सुरू झाला आणि समितीच्या फोनवर तक्रारी येऊ लागल्या. डोंबिवली, विरार, मस्कत येथून सुरेख दिसत असल्याचे संदेश येत होते. तक्रारी होत्या त्या देवळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या खालच्या वाडीतून. ही वाडी जांभ्याच्या टेकडीआड, खाडीच्या कडेला आहे. तेथे टॉवरचा सिग्नल आधीच क्षीण पोहोचतो आणि त्या रात्री तो टॉवर जत्रेच्या गर्दीने भरून गेला होता. फोन करणाऱ्यांमध्ये एक वृद्ध काकी होत्या. त्या म्हणाल्या, "गो चेडवा, चित्र धूसर दिसला तरी चलात, पण माका बोलणा ऐकाक व्हया. संकासुर काय बोललो ता ऐकाकच गावला नाय."

मी वाडीतल्या एका मुलाला फोनवर वेग मोजायला सांगितले. तो ३०० किलोबिटच्या आसपास येत होता. आमचा प्रत्येक तुकडा ६ सेकंदांचा होता. १,२०० किलोबिटच्या पायरीवर त्याचे आकारमान सुमारे ९०० किलोबाइट होते आणि ३०० च्या जोडणीवर तो उतरायला २४ सेकंद लागत होते. सहा सेकंद नाटक आणि अठरा सेकंद गोल फिरणारे चक्र, हे त्या घरांतून चाललेले होते. २०० किलोबिटची पायरी असती, तर तोच तुकडा चार सेकंदांत पोहोचला असता आणि बफरमध्ये थोडी शिल्लकही पडत गेली असती.

मी संस्थेच्या नियंत्रण कक्षाला फोन करून दोन पायऱ्या वाढवायला सांगितल्या : २३४ रेषांच्या चित्राची, आवाजासह २०० किलोबिटची एक आणि चित्राविना केवळ आवाजाची, ४० किलोबिटची, मोनो, दुसरी. चाळीसच का, असे त्यांनी विचारले. दिवसाचा डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ किलोबिटवर येतो, आणि त्या वेगातही ४० किलोबिटच्या आवाजाचा तुकडा चार सेकंदांच्या आत उतरतो, हे त्याचे कारण होते. त्यांचा खरा आक्षेप वेगळा होता. पायऱ्या बदलायच्या तर एन्कोडिंग, म्हणजे सर्व्हरवर या आवृत्त्या तयार करण्याचे काम, पुन्हा सुरू करावे लागणार आणि तेवढा वेळ सगळ्यांचेच प्रक्षेपण तुटणार. हा आक्षेप योग्यच होता. चालू प्रवेशात मुंबईच्या प्रेक्षकाचे चित्र तोडणे मलाही मान्य नव्हते.

आडदशावतार, म्हणजे गणपतीपासून संकासुरापर्यंतचा सुरुवातीचा भाग, संपल्यावर मुख्य आख्यान उभे राहीपर्यंत थोडा अवधी मिळतो. मी समितीच्या अध्यक्षांना सर्व समजावून सांगितले. त्यांनी क्षणभरही न दवडता संमती दिली आणि प्रेक्षकांना आधी सूचना देण्याचे काम स्वतःकडे घेतले. मधल्या वेळेत सर्व्हरवरची मांडणी बदलून प्रक्षेपण पुन्हा सुरू करण्यात आले. सर्व आवृत्त्यांमधील तुकडे एकाच क्षणी सुरू होतात की नाही, हे मी नियंत्रण कक्षाकडून मुद्दाम तपासून घेतले, कारण ते जुळले नाहीत तर पायरी बदलताना चित्र आणि बोलणे दोन्ही अडखळतात. पायपेटीचे सूर लागले तेव्हा नवे प्रक्षेपण चालू झालेले होते.

त्यानंतरचे दृश्य मी पडद्यावरच्या नोंदींमधून पाहत होते. खालच्या वाडीतले फोन एकेक करून २०० च्या पायरीवर स्थिरावले. काही फोन मधूनच केवळ आवाजावर उतरत आणि गर्दीचा ताण ओसरला की पुन्हा चित्रावर येत. मुंबईतले प्रेक्षक पूर्वीप्रमाणेच १०८० वर होते. त्यांच्या चित्राचा एक बिंदूही कमी झाला नव्हता. येथे अनेकांची गफलत होते. खालची पायरी ठेवली म्हणजे सर्वांचा दर्जा उतरतो, असे त्यांना वाटते. वास्तविक ज्याची जोडणी चांगली आहे त्याचा फोन त्या पायरीकडे वळतही नाही, आणि या आवृत्त्या सर्व्हरवर बनत असल्यामुळे देवळातून वर जाणाऱ्या फायबरवर त्यांचा काडीचाही भार पडत नाही.

पहाटेपर्यंत वाडीतून थांबण्याची एकही तक्रार आली नाही. काकींचा फोन मात्र पुन्हा आला, तो मारुतीची भूमिका करणाऱ्या नटाचे नाव विचारण्यासाठी.

तेव्हापासून मी जत्रेचे काम घेताना या दोन पायऱ्या लेखी अटीत घालते. ध्वनी रंगमंचासमोरच्या मायक्रोफोनवरून थेट मिक्सरमधून घेते, कारण ४० किलोबिटमध्ये गर्दीचा कोलाहल शिरला तर नटाच्या शब्दाला जागाच उरत नाही. वेगाची चाचणी दुपारच्या अंगणात न करता शेजारच्या गावाच्या जत्रेच्या रात्री, ज्या घरात सिग्नल सर्वांत कमी पोहोचतो त्या घराच्या माजघरात बसून करते आणि तो आकडा समोर ठेवून सर्वांत खालची पायरी आधी ठरवते. वरच्या पायऱ्या संस्थेने आपल्या सोयीने ठरवाव्यात. त्यांबद्दल माझा आग्रह नसतो.